डग्लस कोपलंड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत मी ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांच्या गळ्यात कोपलंड या कॅनेडियन लेखकाची पुस्तकं मारली. पुस्तकं फारशी परत आली नाहीत. प्रश्न मात्र नेमाने येतात, आणि तेच ते येतात. म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून टाकतो.

नाव कसं म्हणायचं? कूपलंड की कोपलंड?

कोपलंड. इंग्रजी स्पेलिंगमधला ‘ओयू’ बघून सगळे ‘कूप’ म्हणतात. मीही कितीतरी वर्षं म्हणत होतो. विहिरीशी त्याचा संबंध नाही, रागाशी थोडा आहे.

हा नक्की कोण? कादंबरीकार, पत्रकार की चित्रकार?

सगळंच, पण क्रम उलटा लावा. जन्म ३० डिसेंबर १९६१ चा, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत, कॅनडाच्या हवाई दलाच्या तळावर. वडील हवाई दलात डॉक्टर. पोरगा लहान असतानाच कुटुंब कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वेस्ट व्हँकूव्हरला आलं आणि त्याचा मुक्काम कायमचा तिथेच पडला. शिक्षण शिल्पकलेचं. व्हँकूव्हरच्या एमिली कार कला महाविद्यालयातून तो १९८४ साली बाहेर पडला, मग मिलानला आणि जपानमध्ये साप्पोरोला डिझाइन शिकला. लिहायला लागला तो मासिकांसाठी, पोटापाण्यापुरता.

हे शिल्पकलेचं लक्षात ठेवलं तर पुढचं बरंच सोपं जातं. साहित्याच्या वाटेने आलेला लेखक माणसाच्या मनात आधी शिरतो. हा आधी त्याच्या फ्रिजमध्ये डोकावतो, कपाटातल्या बाटल्यांवरची लेबलं वाचतो, आणि मग त्यावरून सांगतो की हा माणूस गेले सहा महिने कुणाशी मोकळेपणाने बोललेला नाही.

‘जनरेशन एक्स’ हा शब्द त्यानेच काढला ना?

नाही. ते त्याच्या गाजलेल्या कादंबरीचं नाव आहे, पण शब्द आपण काढला असा दावा त्याने कधी केलेला नाही. छायाचित्रकार रॉबर्ट कापाने दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेल्या पोरांसाठी पन्नाशीच्या दशकातच तो वापरला होता. १९६४ साली ब्रिटनमध्ये त्याच नावाचं एक पुस्तक निघालं, आणि त्या पुस्तकावरून गायक बिली आयडलने आपल्या बँडचं नाव ठेवलं. कोपलंड स्वतः श्रेय देतो ते पॉल फसेल या अमेरिकन लेखकाला. फसेलने १९८३ साली अमेरिकेतल्या वर्गव्यवस्थेवर एक खोडकर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या शेवटी ‘एक्स’ नावाचा एक गट कल्पिला : पैसा, प्रतिष्ठा, वरची पायरी या शिडीवरून आपण होऊन खाली उतरलेली माणसं.

म्हणजे मूळ कल्पनेत एक्स ही पिढी नव्हतीच, तो एक स्वभाव होता. ‘मला तुमच्या रांगेत उभं राहायचं नाही’ म्हणणाऱ्यांचा. पुढे जाहिरात कंपन्यांनी त्याची रांग केली. १९६५ ते १९८० मध्ये जन्मलेले सगळे एक्स, यांना अमुक बूट विका, यांना तमुक बिअर विका. गंमत म्हणजे या हिशेबात १९६१ साली जन्मलेला कोपलंड स्वतः एक्स ठरत नाही! १९९५ साली त्याने ‘डिटेल्स’ नावाच्या मासिकात लेख लिहून हे एक्स प्रकरण आता संपलं असं जाहीर करून टाकलं. कुणी ऐकलं नाही.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं, की कोपलंडचा सगळा उपरोध या एका घटनेत सापडतो. बाजाराची थट्टा करणारं पुस्तक बाजाराने उचललं, त्याचं शीर्षक फाडून घेतलं आणि त्याचाच ब्रँड केला. लेखकाने याहून वाईट शेवट लिहिला नसता.

त्या कादंबरीत घडतं तरी काय?

फार काही नाही. सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशकाला खरं तर कादंबरी नकोच होती. त्यांनी साडेबावीस हजार डॉलर आगाऊ देऊन या नव्या पिढीबद्दल एक माहितीपर पुस्तक मागवलं होतं. कोपलंड कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जाऊन बसला आणि मार्च १९९१ मध्ये बाहेर आली ती कादंबरी.

अँडी, डॅग आणि क्लेअर हे तिघे पाम स्प्रिंग्ज या गावात शेजारी-शेजारी भाड्याच्या बंगल्यांत राहतात. हे गाव म्हणजे श्रीमंत म्हाताऱ्यांचं विश्रांतिस्थान. अँडी बारमध्ये काम करतो. डॅग टोरांटोतली मार्केटिंगची बरी नोकरी सोडून आलाय. क्लेअर महागड्या सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभी असते. तिघे एकमेकांना गोष्टी सांगतात, बस्स. त्या गोष्टींत एक लघुग्रह आहे, तिथे कायम १९७४ सालच चालू असतं. डॅग एकदा न्यू मेक्सिकोतून पहिल्या अणुचाचणीच्या उष्णतेने काच झालेल्या वाळूचे मणी भरून बरणी आणतो आणि ती क्लेअरच्या घरात सांडते. तेवढा एक प्रसंग वाचा. शीतयुद्धात लहानाची मोठी झालेली पोरं कशाला घाबरत होती, ते वीस पानी निबंधात मावणार नाही इतकं त्या सांडलेल्या मण्यांत आहे.

पुस्तकाचा आकारही वेगळा होता. जवळजवळ चौकोनी, आणि समासात व्यंगचित्रं, घोषणा, स्वतः घडवलेल्या शब्दांच्या व्याख्या. आपल्या जुन्या पोथ्यांत मूळ मजकुराच्या भोवतीने टीका लिहिलेली असते ना, तसं. फक्त इथे टीका मूळ मजकुरापेक्षा जास्त गाजली.

त्या व्याख्यांतल्या दोन-चार सांगा की.

माझ्या आवडीच्या सांगतो, माझ्या शब्दांत.

ऑफिसातल्या छोट्या छोट्या कप्प्यांना त्याने दिलेलं नाव म्हणजे मांसासाठी वासरं कोंडून पोसतात तो खोडा. पार्टिशनला टाचणीने फोटो लावून बसणाऱ्या कुणालाही हे एकदा कळलं की विसरता येत नाही.

मनातलं सगळं बाटलीत दाबून ठेवायचं आणि मग एके दिवशी भस्सकन सगळं बाहेर, समोरच्याच्या शर्टावर. याला त्याने केचपच्या बाटलीचं नाव दिलंय.

आणि एक ‘कायद्याने लादलेली स्मरणरमणीयता’ : ज्या आठवणी तुमच्या नाहीतच, त्या तुमच्यावर लादणं. आपल्याकडे दोन हजारनंतर जन्मलेली मुलं दूरदर्शनच्या रविवार सकाळींबद्दल हळवी होतात तेव्हा मला ही व्याख्या आठवते. तेव्हा लाइट किती वेळा जायचे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

‘मॅकजॉब’वरून मॅकडॉनल्ड्सने भांडण काढलं होतं, ते खरं का?

खरं, पण भांडण कोपलंडशी नव्हतं, शब्दकोशाशी होतं. हा शब्दही त्याच्या आधीचा. समाजशास्त्रज्ञ अमिताई एट्झिओनी यांनी १९८६ सालीच ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये शाळकरी मुलांच्या अशा नोकऱ्यांवर टीका करताना तो वापरला होता. कोपलंडने त्याची व्याख्या केली आणि शेवटी डंख ठेवला. पगार कमी, मान कमी, सोयी कमी आणि पुढे वाट नाही अशी नोकरी. ज्यांनी ती कधी केली नाही त्यांना मात्र ती मोठी समाधानाची वाटते.

२००३ साली मेरियम-वेबस्टर कोशाने शब्द घेतला तेव्हा मॅकडॉनल्ड्सच्या प्रमुखाने जाहीर पत्र लिहिलं : हा हॉटेल व्यवसायातल्या १ कोटी २० लाख कामगारांचा अपमान आहे. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डची व्याख्या बदलावी म्हणून मोहीम झाली. शब्द जागचा हलला नाही. खरी मौज पुढेच आहे. ऐंशीच्या दशकात याच कंपनीने अपंग व्यक्तींना काम शिकवण्याच्या आपल्या एका योजनेचं नाव ‘मॅकजॉब्स’ ठेवलं होतं, ट्रेडमार्कसकट.

१९९१ चं हे अमेरिकन वैफल्य आपण कशाला वाचायचं?

प्रश्न रास्त आहे. ते वर्ष बघा. तिकडे ‘वस्तूंनी पोट भरलं, आता मळमळतंय’ म्हणणारी कादंबरी आली त्याच वर्षीच्या जुलैत आपल्याकडे मनमोहन सिंगांनी तो अर्थसंकल्प मांडला. आपण तर ताट वाढण्याची वाट बघत होतो. मॅकडॉनल्ड्स भारतात आलं १९९६ साली, आणि सुरुवातीला तिथे काउंटरवर उभं राहणारी मुलं घरी अभिमानाने टोपी दाखवायची. ‘मॅकजॉब’ हा टोमणा त्यांना कळला नसता, आणि बरोबरच होतं ते.

तो आता कळतो. रात्री अकरा वाजता पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन पावसात उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं की कळतो. म्हणून मी म्हणेन, आपल्यासाठी हे पुस्तक जुनं झालेलं नाही; तीस वर्षं उशिरा येणाऱ्या गाडीसारखं आत्ता कुठे फलाटाला लागलंय.

हा ब्रँडची थट्टा करतो की जाहिरात? पानापानावर नावं!

दोन्ही नाही म्हणालो तर पळवाट वाटेल, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपल्याला उपरोधाची एक सवय आहे. लेखक पारावर बसलेला, समोरून समाज चाललेला आणि लेखक कोपरखळ्या मारतोय. लेखक स्वतः त्या मिरवणुकीत नाही. कोपलंड मिरवणुकीत आहे, आणि बहुतेक त्याच्याच हातात फुगे आहेत. त्याला प्लास्टिक आवडतं, सुपरमार्केटचा उजेड आवडतो, खोक्यांवरची अक्षरं आवडतात. कॅनडावरच्या त्याच्या ‘सूव्हनिर ऑफ कॅनडा’ या पुस्तकात इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत छापलेल्या नाश्त्याच्या खोक्यांबद्दल तो ज्या मायेने लिहितो, त्या मायेने आपल्याकडे लोक आजोळच्या अंगणाबद्दल लिहितात. रेल्वे स्टेशनवर एकच नाव तीन भाषांत वाचत मोठ्या झालेल्या आपल्याला ते पटकन कळावं.

त्याचं दुखणं असं : माझ्या लहानपणाच्या सगळ्या आठवणी कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या मालकीच्या आहेत, तर मग माझं असं काय आहे? हा प्रश्न तो हसत विचारतो. हसणं खरं असतं आणि प्रश्नही खरा असतो. ज्यांना यातलं एकच ऐकू येतं त्यांना तो उथळ वाटतो.

मी आयटीत आहे. ‘मायक्रोसर्फ्स’ वाचू का?

आजच. वाटल्यास सुट्टी टाका.

मी हिंजवडीत नऊ वर्षं काढली. हे पुस्तक मला फोर्टातल्या फुटपाथवर मिळालं, पाठीवर कुणाच्या तरी चहाच्या कपाचं वर्तुळ असलेलं. बसमध्ये वाचायला घेतलं आणि मांजरीचा थांबा गेला तरी पत्ता नाही. हसताना शेजारच्या काकू दोनदा सरकून बसल्या.

१९९४ च्या जानेवारीत ‘वायर्ड’ मासिकात याची कथा आली आणि १९९५ साली कादंबरी. नावात मायक्रोसॉफ्ट आहे आणि सर्फ, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेलं कूळ. कूळकायदा शेतीला आला, कोडिंगला नाही. डॅनियल नावाचा बग तपासणारा पोरगा आपल्या लॅपटॉपवर डायरी लिहितो. मालकाचं नाव सगळे ‘बिल’ असं घेतात, पण आपल्याकडे ‘माउली’ म्हणतात त्या सुरात. एके दिवशी मायकेल या सहकाऱ्याला बिलकडून झोंबणारी ईमेल येते आणि तो ऑफिसचं दार लावून घेतो. बाहेर येईना. तेव्हा डॅनियल दुकानात जाऊन दाराच्या फटीतून सरकवता येतील असे चपटे पदार्थ आणतो : चीजच्या स्लाइस, क्रॅकर, तसलंच काहीबाही. त्यानंतर मायकेल ठरवतो की यापुढे फक्त चपटंच खायचं. आपल्याकडे असता तर पोळी, पापड, चिक्की आणि आंबापोळीवर त्याचं आयुष्य सुखात गेलं असतं.

पण हे पुस्तक निव्वळ गमतीचं नाही. ही मंडळी मायक्रोसॉफ्ट सोडून सिलिकॉन व्हॅलीत स्वतःची कंपनी काढतात. डॅनियलचे वडील आयबीएममधून काढून टाकले गेलेले. पन्नाशीत नोकरी गेलेला बाप घरात कसा वावरतो, कुठल्या खोलीत जाऊन बसतो, ते वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. डॅनियलचा लहानपणी गेलेला भाऊ आहे, आणि त्याचं नाव अजून डॅनियलच्या पासवर्डमध्ये आहे. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की आयुष्यभर मशीनशी बोलत आलेल्या या पोरांना शेवटी त्या मशीनचा खरा उपयोग सापडतो, आणि तो कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत बसणारा नाही.

‘जेपॉड’मध्ये पानंच्या पानं नुसते आकडे आहेत. माझी प्रत खराब आहे का?

नाही. ते गणितातल्या पाय (π) या संख्येचे दशांश आहेत, मुद्दाम छापलेले. मूळ संख्यांची एक लांबलचक यादीही आहे आणि तिच्यात मूळ नसलेली एक संख्या लपवलीय, शोधत बसा. पानं उलटून पुढे गेलात तरी चालतं. २००६ सालच्या वाचकाच्या डोक्यात जो कचरा सारखा येऊन पडत होता (स्पॅम, पॅकेटवरचा मजकूर, निरर्थक आकडे) तोच त्याने पानावर ओतलाय.

गोष्ट व्हँकूव्हरजवळच्या बर्नबीतल्या व्हिडिओ गेम कंपनीतली. संगणकाच्या गोंधळामुळे ‘जे’ (J) या अक्षराने आडनाव सुरू होणारे सगळे एका कोपऱ्यात बसवलेत. तयार होत आलेल्या स्केटबोर्डच्या गेममध्ये वरचा साहेब अचानक एक गोंडस कासव घालायला सांगतो. का, तर त्याला वाटलं म्हणून. ज्यांनी क्लायंटच्या हट्टापायी शुक्रवारी संध्याकाळी डिझाइन बदललंय त्यांना कासवाचा अर्थ सांगावा लागत नाही. नायकाची आई तळघरात गांजा पिकवते. आणि पुस्तकात डग्लस कोपलंड नावाचा एक लबाड, थंड माणूसही येतो. स्वतःला इतकं वाईट रंगवणारा लेखक मी तरी दुसरा पाहिला नाही.

सीबीसी वाहिनीने २००८ साली यावर मालिका केली. तेरा भाग झाले, मग बंद.

एवढं हसवणारा माणूस मध्येच देवाबद्दल का बोलायला लागतो?

मध्येच नाही, पहिल्यापासून. ‘जनरेशन एक्स’मध्येच अँडी नाताळला आईवडिलांच्या घरी जातो आणि पहाटे उठून बैठकीची खोली मेणबत्त्यांनी भरून टाकतो. शेकड्यांनी. घरचे खाली येतात आणि क्षणभर कुणाला बोलता येत नाही. मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं. तो प्रसंग उपरोधाचा नाही, ती आरती आहे, फक्त देव्हारा रिकामा आहे.

कोपलंड घरात धर्म नसलेल्या पिढीतला. १९९४ च्या ‘लाइफ आफ्टर गॉड’चा विषयच तो : आईवडिलांनी श्रद्धा सोडली, मुलांना सोडायलाही काही उरलं नाही. आपल्याकडे देव नाकारणाऱ्याच्या घरी निदान गणपती तरी येतो, भांडायला. तिथे भांडायलाही कुणी नाही. ‘गर्लफ्रेंड इन अ कोमा’ (१९९८) मधली कॅरन १९७९ साली कोमात जाते ती अठराएक वर्षांनी उठते. सगळे तिला विचारतात, जग कसं वाटतं? सगळे किती कामात आहेत, हे तिला दिसतं. कुणाला कुणासाठी थांबता येत नाही, हेही. ‘हे नॉस्ट्राडेमस!’ (२००३) तर शाळेतल्या गोळीबाराची कादंबरी आहे. चार माणसं, चार वेगवेगळ्या वर्षांत बोलतात, आणि शेवटचा आवाज आहे तो मुलाला धर्माच्या नावाने दुरावून बसलेल्या बापाचा. वारकरी घरातल्या एका मैत्रिणीला ती दिली होती. तिने महिनाभराने परत केली आणि म्हणाली, ‘यातला बाप मी ओळखते.’

आपल्या भागातलं कुणी पात्र आहे का?

‘जनरेशन ए’ (२००९) मधला हर्ज. भविष्यकाळ, जगातल्या मधमाश्या संपल्यात असं सगळे धरून चाललेत, आणि अचानक पाच देशांतल्या पाच जणांना मधमाशी चावते. त्यातला हर्ज श्रीलंकेत त्रिंकोमालीला एका अमेरिकन कपड्यांच्या ब्रँडच्या कॉल सेंटरमध्ये काम करतो. जोडधंदा म्हणून तो प्रसिद्ध लोकांच्या घरातल्या रिकाम्या खोल्यांची शांतता विकतो. नुसती शांतता, ध्वनिमुद्रित.

त्या दशकात पुण्या-मुंबईत रात्रपाळीला ‘सॅम’ नाहीतर ‘केविन’ होऊन फोन उचलणाऱ्या मुलांनी हर्जवर हसावं की चिडावं, हे त्यांनी ठरवावं. मला तो पाचांतला सगळ्यात शहाणा वाटला. परदेशी लेखक आपल्याकडच्या माणसाला शहाणपणाची पुडी बांधून देतात ती खोड इथेही जरा आहे, पण अमेरिकेकडे लांबून, फोनच्या तारेतून बघण्याची जागा कोपलंडच्या हातात बरोबर बसते. कारण ती कॅनडाचीच जागा आहे.

म्हणजे? कॅनडाचं यात काय? मला तर सगळं अमेरिकनच वाटलं.

तेच तर. टीव्ही अमेरिकेचा, सिनेमा अमेरिकेचा, साबण अमेरिकेचा, आणि आपण मात्र अमेरिकन नाही. खिडकीला नाक लावून शेजारच्या घरातलं लग्न बघणाऱ्याला नवरदेवापेक्षा जास्त दिसतं. त्यातून व्हँकूव्हर हे सिनेमात कायम दुसऱ्या शहराची भूमिका करणारं शहर. ‘एक्स-फाइल्स’ या टीव्ही मालिकेची पहिली पाच वर्षं तिथेच चित्रित झाली आणि पडद्यावर अमेरिकेतली गावं म्हणून खपली. स्वतःच्या गल्लीवर दुसऱ्या गावाची पाटी बघत मोठा झालेला माणूस खरं-खोटं याबद्दल वेगळाच विचार करणार.

टोरांटोत त्याचं अमेरिका आणि ब्रिटिश कॅनडा यांच्यातल्या १८१२ च्या युद्धाचं स्मारक आहे, २००८ सालचं : खेळण्यातल्या शिपायांसारखे दोन अवाढव्य सैनिक. सोनेरी कॅनडाच्या बाजूचा, ताठ उभा. चंदेरी अमेरिकन, आडवा पडलेला. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकावरचा सगळा वाद त्याने एका खेळण्यात मिटवून टाकलाय, किंवा पेटवून दिलाय.

‘कोसला’शी तुलना करतात ती योग्य आहे का?

मोह होतो खरा. पोराचा स्वर, नोकरी-लग्न-यश या शिडीला नकार, तिरकस भाषा. पण सांगवीकराला परत जायला गाव आहे. चिडायला का होईना, बाप आहे, शेत आहे. अँडी-डॅग-क्लेअर यांच्याकडे परत जायला मॉल आहे. शिवाय १९६३ च्या त्या पोराची भाषा त्याच्या मातीतून आलेली, आणि यांची जाहिरातींतून. तीच चोरून, वाकवून ते आपलं दुःख सांगतात. तुलना चहाबरोबर करायला बरी. लेख लिहायला घेतलात तर तिसऱ्या परिच्छेदात अडकाल.

टीकाकार काय म्हणतात? नुसतं कौतुक नको.

सगळी पात्रं एकसारखी हुशार बोलतात, हा आक्षेप खरा आहे. वाक्यावरून कोण बोललं ते बऱ्याचदा ओळखता येत नाही. कथानक दुसऱ्या अर्ध्यात हाताबाहेर जातं. ‘गर्लफ्रेंड’मध्ये तर जगच बुडतं. टी-शर्टवर छापावीत अशी वाक्यं फार. आणि २०१३ च्या ‘वर्स्ट. पर्सन. एव्हर.’ मध्ये एक महाशिवराळ कॅमेरामन रिअ‍ॅलिटी शोसाठी पॅसिफिकमधल्या बेटावर जातो. ती मी शंभर पानांवर सोडली. शिव्यांना माझी हरकत नाही, मी पुण्यात दुचाकी चालवतो. पण त्या शिव्यांखाली काही सापडेना.

संदर्भ शिळे होतात असंही म्हणतात. ते मात्र मला पटत नाही. ब्रँड मेला तरी त्याच्याभोवती बसलेला माणूस तोच असतो.

कुठून सुरुवात करू?

नोकरीने गांजला असाल तर ‘मायक्रोसर्फ्स’. कुणी जवळचं गेलं असेल तर ‘हे नॉस्ट्राडेमस!’, पण एकदम रात्री नको. एकटेपणावर ‘एलनॉर रिग्बी’. स्टेशनरीच्या दुकानात काम करणाऱ्या दोन परक्या माणसांनी एकमेकांच्या वहीत लिहून केलेली मैत्री वाचायची असेल तर ‘द गम थीफ’. वेळच नसेल तर २०२१ चं ‘बिंज’ : साठ छोट्या कथा, दोन स्टेशनांत एक या हिशेबाने विरारपर्यंत आठ-दहा होतील. ‘जनरेशन एक्स’ दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी वाचलंत तर शीर्षकच मध्ये येतं.

‘प्लेअर वन’ (२०१०) जमल्यास मोठ्याने वाचा. मॅसी व्याख्यानमाला ही कॅनडातली मानाची, एरवी विचारवंतांची. याला बोलावलं तर याने पाच शहरांत पाच व्याख्यानांऐवजी पाच तासांची कादंबरी वाचून दाखवली : विमानतळाच्या बारमध्ये अडकलेली माणसं आणि बाहेर तेलाच्या भावाने कोसळणारं जग.

शिल्पं कुठे बघता येतील?

व्हँकूव्हरला कुणाकडे गेलात तर कन्व्हेन्शन सेंटरजवळ पाण्याकाठी त्याचा ‘डिजिटल ऑर्का’ आहे : काळ्या-पांढऱ्या चौकोनी ठोकळ्यांचा उसळता देवमासा, जणू चित्र अजून पूर्ण लोड व्हायचंय. २०१४ साली त्याने व्हँकूव्हर आर्ट गॅलरीबाहेर स्वतःचं भलंमोठं डोकं ठेवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलं होतं की चघळलेलं च्युइंगगम त्यावर चिकटवा. लोकांनी मनापासून चिकटवलं. उन्हाळा संपेपर्यंत लेखकाचा चेहरा ओळखू येईना.

त्याने स्वतःचीच पुस्तकं चावून खाल्ली, असं ऐकलं.

खाल्ली नाहीत, चघळली. ‘जनरेशन एक्स’ची पानं फाडून तोंडात घातली, लगदा होईपर्यंत चावली आणि त्या लगद्याची गांधीलमाशीच्या पोळ्यासारखी घरटी तयार केली. गांधीलमाशी लाकूड चावून घर बांधते, कागदही लाकडाचाच. जवळून बघितलं तर पोळ्याच्या पापुद्र्यांत मधूनच एखादं अक्षर दिसतं.